राब न भाजलेलं साल

खात्यातल्या मंडळींनी मला एक बिरुद चिकटवलं होतं: चिवट माणूस. बढती हुकली, हाताखालचा पोरगा डोक्यावर येऊन बसला, डोंगरावर फेकला गेला, तरी गडी मोडला नाही, असं माझ्याबद्दल सांगत. पुढे नव्या ग्रामसेवकांच्या शिबिरात दरवर्षी मला बोलायला उभं करायचे, आणि विषय ठरलेला. अपयश कसं पचवावं, आणि ते पचवून चार माणसांना पुढे कसं न्यावं. मी बोलायचोही. धीर, चिकाटी, लोकांत मिसळणं असले शब्द माझ्या तोंडून असे घडाघडा निघत, की माझा मलाच राग यायचा. पोरं वहीत उतरवून घेत. त्या वह्यांत जे कधीच गेलं नाही ते इथे लिहितो आहे. या वयातही लिहिताना कान गरम होताहेत.

गोष्ट महाराष्ट्र राज्य व्हायच्या थोडी आधीची. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. मी महाडजवळच्या नाते गावचा, शेतकऱ्याच्या घरचा. महाडला मॅट्रिक झालो, प्रशिक्षण घेतलं आणि ग्रामसेवक म्हणून पोलादपूरच्या बाजूला नेमला गेलो. सायकल, खिशाला पेन आणि इस्त्रीचा सदरा, एवढ्या भांडवलावर मी स्वतःला मोठा समजत होतो. माझ्याकडे सहा गावं होती. शिवाय आजूबाजूच्या चार नव्या ग्रामसेवकांना शिकवायचं काम साहेबांनी माझ्यावर सोपवलं होतं. ती पोरं माझ्या मागे मागे हिंडत, मी बोलतो तसं बोलत. विस्तार अधिकाऱ्याची एक जागा भरायची होती आणि ती मलाच मिळणार, असं सगळा तालुका धरून चालला होता. मीही.

जपानी पद्धतीच्या भातशेतीचा तेव्हा जोरदार प्रचार चालला होता. उंच गादीवाफ्यावर रोपं करायची, बी विरळ पेरायचं, लावणी ओळीत करायची. पद्धत वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. पुढे मी ती शेकडो शेतांवर नेली. पण आमच्या गटविकास अधिकारी साहेबांनी त्या पद्धतीला स्वतःचं एक कलम जोडलं होतं. राब बंद.

राब म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे भाताची रोपं ज्या वाफ्यात करतात त्याला दाढ म्हणतात. चैत्र-वैशाखात त्या दाढीवर शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळीची टहाळ, म्हणजे तोडलेल्या फांद्या, त्यावर पातेरा आणि गवत, वर मातीचा हलका थर, आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवून द्यायचं. आग भडकता कामा नये, धुमसत सरकली पाहिजे. त्याने जमिनीतलं गवताचं बी मरतं, आणि पाऊस पडला की राखेत भात एकटं उगवतं. याला राब भाजणं म्हणतात. साहेब देशावरचे, पुण्यात शिकलेले. त्यांनी डोंगर उतारावरची बोडकी झाडं पाहिली आणि त्यांचा जीव कळवळला. तेही खोटं नव्हतं. टहाळ तोडून तोडून झाडांचे नुसते खुंट राहिले होते. साहेबांनी ठरवलं, एक गाव तरी शंभर टक्के बिनराबाचं करून दाखवायचं.

त्यांनी निवडलेलं गाव पोलादपूरहून दीड तासाच्या चढावर होतं. चाळीसेक घरं, खाली दरीत सावित्रीकडे जाणारा ओहोळ, उतारावर भाताची खाचरं आणि वर नाचणीची वरकस जमीन. गावाला शाळा नव्हती. त्या गावात सही करणारं माणूस नव्हतं, सगळे अंगठे. साहेबांनी शब्द दिला होता, की जे गाव पूर्ण योजना घेईल त्याच्या शाळेचा प्रस्ताव ते स्वतः वरपर्यंत नेतील.

सकाळी नऊच्या सुमारास देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. साहेब खुर्चीवर, मी शेजारी उभा. गावकीत पहिलं बोलायचा मान एका म्हाताऱ्याचा होता. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हणायचो. खांबाला टेकून बसायचा, अंगावर घोंगडी, बोलायला घाई नाही. साहेबांचं भाषण संपलं, माझं संपलं. खतं राखेपेक्षा कशी सरस, हे मी अशा काही थाटात सांगितलं, की मागे बसलेले माझे चार चेले माना डोलवायला लागले.

मग एक विधवा बाई उठली. तिला गावात सगळे काकी म्हणत. दोन खाचरं तिच्या नावावर होती, पोरं लहान. ती म्हणाली, "भाऊसाहेब, भाजलं नाय तर गवत मरंल कसं?"

मी हसलो. म्हणालो, "काकी, गवत मारायला आग कशाला हवी? हात आहेत ना?" लोकही हसले. मी त्यांना हसू दिलं. काकी पदर सावरून खाली बसली.

तेव्हा आबाने तोंड उघडलं. साहेबांकडे बघितलंच नाही. थेट माझ्याकडे बघून विचारलं, "भाऊसाहेब, तुमी नात्याचे. शेतकऱ्याच्या पोटचे. तुमच्या बापानं ह्या साली राब भाजलान का नाय?"

माझ्या बापाने आठच दिवसांपूर्वी राब भाजला होता. नुसता भाजला नव्हता. मी रजेवर घरी गेलो होतो, टहाळ मी तोडली होती, भारे मी वाहिले होते आणि काडीही मीच लावली होती. बापाला कंबर वाकवत नव्हती म्हणून. मला ते चांगलं ठाऊक होतं. राबाशिवाय दाढ येत नाही, हेही ठाऊक होतं. आमच्या घरात ते सांगावं लागत नाही.

मी म्हणालो, "नाही. आमच्याकडे बंद केलं."

का म्हणालो? मोठं कारण शोधायला नको. साहेब माझ्याकडे बघत होते. त्यांना माझं उत्तर आवडेल हे मला कळत होतं, आणि त्या क्षणी मला बाकी काहीच कळत नव्हतं.

आबाने घोंगडी सावरली. मग लोकांकडे वळून म्हणाला, "सायबाचं राहू दे. हे पोरगं शेतातलं हाय. ऐकूया त्याचं." आणि चाळीस घरांनी त्या साली राब भाजला नाही.

पाऊस लागला आणि आठ दिवसांत वाफे हिरवेगार झाले. मी पत्र लिहून साहेबांना कळवलंही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा हिरवं वाढलेलं होतं, पण त्यातलं भात किती आणि गवत किती, हे देवाला माहीत. डोंगरातली जमीन, वर्षानुवर्षांचं बी तिच्या पोटात. ते सगळं भाताबरोबर वर आलं होतं, आणि भातापेक्षा जोमाने. खताची पोती पायथ्याला उशिरा आली, डोक्यावरून वर नेईतो निम्मी पाण्यात विरघळली. भाताची काडी पिवळी पडली होती, बोटभरही उंच नव्हती.

काकी तिच्या दाढीत इरलं पांघरून बसली होती. दोन दिवस ती तशीच बसून भांगलत होती. मी बांधावर उभा राहिलो. तिने मुठीतलं उपटलेलं गवत माझ्या तळहातावर पसरलं आणि म्हणाली, "ह्यातलं भात कंचं, ते सांगा."

मला सांगता येईना. काही रानगवतं लहानपणी हुबेहूब भातासारखी दिसतात. मी एक काडी उचलली, दुसरी उचलली, ठेवली. काकी बघत राहिली. म्हणाली, "मलाबी नाय कळत. म्हणून दोनी उपटते." आणि ती पुन्हा वाकली. मी तिथून निघालो. चढावर मला धाप लागली नव्हती, उतारावर लागली.

यानंतर मी केलं ते पहिल्या खोट्यापेक्षा वाईट होतं. साहेबांनी अहवाल मागितला. पोलादपूरच्या खोलीत बसून, सुवाच्य अक्षरात मी लिहिलं, की शेतकऱ्यांनी दिलेल्या सूचनेप्रमाणे वाफ्यांची वेळेवर भांगलण केली नाही, आणि गावच्या प्रमुखाने याबाबत पुरेसं लक्ष दिलं नाही. 'गावचा प्रमुख' असं लिहिलं. आबा लिहायला हात धजला नसावा. चौघांपैकी एका चेल्याने कागद वाचला. तो त्याने परत टेबलावर ठेवला, आणि त्या दिवसापासून तो माझ्यासारखं बोलायचा बंद झाला. शाळेचं विचारायला आबा महाडच्या कचेरीत आला तेव्हा साहेबांनी तोच अहवाल त्याला वाचून दाखवला. तुमच्या निष्काळजीपणामुळे शाळा दुसऱ्या गावाला जाणार, असं सांगितलं. मी दाराशी उभा होतो. आबा म्हणाला, "मी अडाणी माणूस. भाऊसाहेबांनी लिवलंय ते खरंच असंल." आणि वहाणा पायात सरकवून निघून गेला. जाताना माझ्याकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

साहेबांना अपयशी गाव दाखवायचं नव्हतं, यशस्वी शेत दाखवायचं होतं. ते म्हणाले, "तुमच्या वडिलांनी राब बंद केला आहे ना? चला, तेच बघू." मी सबबी सांगितल्या. रस्ता खराब, ओढ्याला पाणी, वडील आजारी. साहेबांनी जीप काढली.

बापाला साहेब घरी आल्याचा कोण आनंद. धोतर झटकत तो आम्हाला दाढीकडे घेऊन गेला. काळीभोर जमीन, आणि तिच्यात वीतभर उंच, गर्द, एकसारखं भात. काठावर राख अजून दिसत होती. बाप म्हणाला, "सायेब, बगा कशी आलीय. राब चांगला भाजला ना, की गवताचं नाव नाय." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून अभिमानाने म्हणाला, "पोरानंच टहाळ तोडलान यंदा. मोठा अधिकारी झाला तरी घरचं काम इसरला नाय."

तिथे मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. बापाला काय झालं ते कळेना. तो आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत राहिला आणि मग हळूच त्याने माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

जीप महाडला परतली. कचेरीशी उतरले तेव्हा साहेब म्हणाले, "मी देशावरचा माणूस. मला राब कळत नाही. तुम्ही मला सांगायला हवं होतं. तुम्हाला त्यासाठीच ठेवलं होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो असतो, आणि तेवढा आधार झाला असता.

विस्तार अधिकाऱ्याची जागा माझा अहवाल वाचलेल्या त्या चेल्याला मिळाली. योग्यच माणसाला मिळाली. माझी बदली झाली ती त्याच डोंगरावरच्या गावात, मुक्कामी. खात्यात एवढंच कळलं की साहेबांची मर्जी गेली. खरं कारण साहेबांनी कागदावर आणलं नाही. त्यात त्यांचंही हसू झालं असतं. म्हणून नंतर जे माझ्या चिवटपणाचं कौतुक झालं, ते अर्ध्या माहितीवर झालं.

लावणीच्या दिवसांत मी ट्रंक घेऊन चढावर निघालो, तर खालून आबा येताना दिसला. डोक्यावर भाताच्या रोपांच्या मुठी रचलेल्या, पाणी मानेवरून ओघळत होतं. आमच्याकडे लावणी झाल्यावर उरलेलं रोप विकत नाहीत, मागेल त्याला देतात. पण मागायला ज्याचं अडलं त्याने स्वतः जायचं असतं, आणि रोप का कमी पडलं ते सांगायचं असतं. आबा चाळीस घरांसाठी खालच्या खोऱ्यातली गावं फिरत होता. मी ट्रंक झाडाखाली ठेवली, निम्म्या मुठी घेऊन त्या वर पोहोचवल्या आणि त्याच्याबरोबर पुन्हा खालच्या गावांकडे गेलो. तो 'ये' म्हणाला नाही, 'जा'ही म्हणाला नाही.

पहिल्या अंगणात घरधन्याने विचारलं, "का रे आबा, दाढ नाय झाली?" आबा म्हणाला, "राब नाय भाजला. आमचंच चुकलं." घरधनी हसला. आतल्या बायका हसल्या. एक म्हातारी दारात येऊन म्हणाली, "एवढा पिकला केसांनी आन् राब इसरला गो बाय!" आबा खाली मान घालून मुठी मोजत राहिला. मी शेजारी उभा होतो. सदऱ्याला पेन लावलेला तसाच होता.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरीही. प्रत्येक वेळी ओठांपर्यंत यायचं की म्हणावं, याचं नाही, माझं चुकलं. प्रत्येक वेळी मी पुढच्या घरी सांगू म्हणायचो. असे आम्ही अकरा दिवस हिंडलो. मी ओझी वाहिली, पायात काटे मोडून घेतले, तापाने फणफणलो, चिखलात पडलो. रोपांचे भारे डोक्यावर घेऊन चढणारा ग्रामसेवक लोकांनी पाहिला आणि तिथून माझी कीर्ती सुरू झाली. ते अकरा दिवस मी एकदाही तोंड उघडलं नाही, हे कुणी पाहिलं नाही. आबा सोडून.

तरी निम्मीच खाचरं लागली. काकीचं एक लागलं, एक पडीक राहिलं. दिवाळीनंतर बारा घरांतले पुरुष मुंबईला गेले. शिमग्याला होळीत पहिला नारळ टाकायचा मान गावकीने आबाकडून काढून दुसऱ्याला दिला. कुणी मोठ्याने काही बोललं नाही. नारळ फक्त दुसऱ्याच्या हातात गेला, आणि आबा लोकांच्या मागे जाऊन उभा राहिला.

शिबिरातली पोरं मला विचारत, "साहेब, त्या दिवसांत तुम्ही टिकलात कसे?" खरं उत्तर असं आहे की मी टिकलो नाही, मी अडकलो होतो. नात्याला जायची सोय उरली नव्हती, बापाला तोंड कसं दाखवू? महाडला चेला साहेब होऊन बसलेला. सकाळी उठून मी कामाला लागायचो ते चिकाटीने नव्हे, जायला दुसरी जागा नव्हती म्हणून. ओहोळावर पायवाट बांधली, विहीर साफ करून घेतली, टोचणीवाल्या डॉक्टरला वर आणलं. लोक कामाला येत, पण माझ्याशी बोलत ते कामापुरतं. काकी तर समोरून आली तरी मला झाडासारखं ओलांडून जायची.

नवा चैत्र आला तसा मनाचा हिय्या केला. बिऱ्हाडावरून निघून थेट आबाच्या शेतावर गेलो. तो राबासाठी शेण पसरत होता. मी उभ्या उभ्या बोलून टाकलं, "आबा, गेल्या साली मी खोटं बोललो. आमच्या घरी राब भाजला होता. मीच भाजला होता. उद्या गावकीत सांगणार आहे. तुमचा मान तुम्हाला परत मिळायला हवा."

मला वाटलं होतं, म्हातारा शिव्या देईल, नाहीतर रडेल. त्याने हातातलं शेण वाफ्यावर नीट पसरवून घेतलं, हात पातेऱ्याला पुसले आणि म्हणाला, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"बैठकीच्या आदीपासनं. माजी धाकटी लेक नाते गावात दिलीय, तुमच्या वरच्या आळीला. लग्नाला आली होती तवा सांगितलान, का शेजारच्यांचा राब चांगला भाजलाय, पोरगा रजा घेऊन आला होता. नंतर सायबाची जीप आली तेबी सांगितलान. मी म्हटलं, गप ऱ्हा, हितं कोणाला बोलू नको."

मी विचारलं, "मग मला बैठकीत विचारलंत कशाला?"

"तू खरं सांगतस का, ते बगाया. खरं सांगितलं असतंस तर मी सायबाला नाय म्हटलं असतं. तू नाय म्हणालास, मंग मीबी मनात म्हटलं, जाऊ दे. साळा तरी होईल." पुन्हा शेणाकडे वळत तो म्हणाला, "दाढ नाय येणार हे मला कळत नव्हतं असं नाय. थोडी तरी येईल वाटलं. नातवाला सही यावी, येवडंच डोस्क्यात होतं. चाळीस घरं मीच बुडवली, बाबा. तू नाय."

मी घाईघाईने म्हणालो, "मग मी उद्या सांगितलं तर तुमचंही बाहेर निघेल."

"निघंल की."

आणि आता जे लिहायचं ते सगळ्यात अवघड. मला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. आता न सांगण्याला कारण मिळालं होतं, तेही चांगलं कारण: म्हाताऱ्याची अब्रू. बिऱ्हाडाकडे परत येताना मी चक्क गुणगुणत होतो. त्या गुणगुणण्याची मला जितकी लाज वाटते तितकी त्या खोट्याचीही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर सभामंडपात गावकी बसली. यंदाच्या राबाची टहाळ कुणी कुठल्या बाजूची तोडायची, हे ठरवायचं होतं. मी नेहमीप्रमाणे सभेचं पुस्तक मांडीवर घेऊन लिहायला बसलो. आबा खांबाशी बसला नव्हता, पायऱ्यांजवळ बसला होता. विषय सुरू व्हायच्या आत तो उठला. बोलायचा मान नव्हता म्हणून त्याने आधी विचारलं, "बोलू का?" नव्या मानकऱ्याने मान हलवली.

आबाने सगळं सांगितलं. राबाशिवाय दाढ येणार नाही हे आपल्याला कळत होतं, शाळेच्या आशेपायी आपण चाळीस घरांना पुढे घातलं, ज्याला जे बोलायचं असेल त्याने बोलावं. माझं नाव त्याने घेतलं नाही. लेकीचंही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लिवा भाऊसाहेब. म्हंजे पुन्ना कोणी इसरणार नाय." मी लिहायला लागलो. त्याचे शब्द शुद्ध करून, काना-मात्रा सांभाळून, एकेक वाक्य. हात माझा सराईत होता. आबाने अंगठा उठवला. शाई फडक्याने पुसून तो पायऱ्यांवर जाऊन बसला.

मी पुस्तक मिटत होतो तेवढ्यात काकी उठली. वर्षभरात माझ्याशी ती पहिल्यांदा बोलत होती.

"भाऊसाहेब, एक विचारू? तवा आबानं तुमाला विचारलं होतं. तुमी म्हणालात, आमच्याकडं बंद केलं. ते तरी खरं होतं ना?"

मी आबाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याने मला सोडवायचं ठरवलं असतं तर तेव्हाही सोडवलं असतं, पण तो हलला नाही.

"नाही, काकी," मी म्हणालो. "भाजला होता. मीच भाजला होता." आणि मग न विचारलेलंही सांगितलं. साहेबांना दिलेल्या अहवालात दोष गावावर आणि आबावर ढकलला, शाळा त्या कागदाने गेली. सांगताना माझा आवाज कसा होता ते आठवत नाही. मागे कोणीतरी शिवी दिली ती आठवते. ती मला पोहोचायला हवी तिथे पोहोचली.

काकी रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "मंग तेबी लिवा. आबाचं लिवलंत तसं."

मी पुस्तक पुन्हा उघडलं. आबाच्या अंगठ्याखाली लिहायला लागलो. त्याचं लिहिताना सरळ आलेल्या ओळी आता खाली घसरायला लागल्या. लिहून सही केली. सगळे बघत होते.

"आता वाचून दावा," काकी म्हणाली.

मी वर बघितलं. त्या सभामंडपात मी सोडून एकालाही वाचता येत नव्हतं. शाळा झाली असती तर एखाद्या पोराला आतापर्यंत अक्षरं लागली असती. मी कागदावर काय लिहिलं आहे आणि काय वाचतो आहे, हे पडताळून बघणारं तिथे कोणी नव्हतं. ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पुन्हा एकदा माझ्या शब्दावरच विश्वास ठेवण्याशिवाय त्यांच्यापुढे इलाज नव्हता. मी उभा राहिलो आणि ओळीवर बोट ठेवून, लिहिलं होतं तसं वाचलं.